आबाजींच्या गंजीतली खिंड

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो कापसाला उठवून. घराची समोरची खोली म्हणजे कापसाची खोली. वेचणी सुरू झाली की ती भरायला लागायची आणि भाव बाबांच्या मनासारखा येईपर्यंत भरलेलीच राहायची. आम्ही भावंडं त्या ढिगावर उड्या मारायचो, मायच्या शिव्या खायचो आणि संध्याकाळी अंगभर खाज सुटली की एकमेकांची पाठ खाजवत बसायचो. खामगावच्या एका संस्थेने आमच्या भागातल्या काही गावांत इंटरनेट केंद्रं काढायचं ठरवलं. एका गावाला एक केंद्र, ते सगळ्या गावाचं, आणि चालवायचंही गावानेच. जागा शोधायला माणसं आली तेव्हा ग्रामपंचायतीची खोली गळकी निघाली, शाळेच्या हेडमास्तरांनी हात वर केले, आणि गावाच्या वरवट बकालकडच्या बाजूला स्लॅबचं घर आमचं एकटंच होतं. बाबांनी घरात कोणालाही न विचारता खोली देऊन टाकली. मायला त्यांनी हे सांगितलं ते रात्रीचं जेवण झाल्यावर, हात धुता धुता.

"मंग कापूस कुठी ठेवता? डोक्शावर?" माय म्हणाली. आणि त्या वर्षी कापूस खरोखरच आमच्या डोक्याशी आला. मधल्या खोलीत भिंतीला लागून ढीग आणि ढिगाला लागून आमच्या सतरंज्या. झोपेत कूस बदलली की तोंडात रुई. सकाळी माय ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर थापायला बसली की आधी परातीत फुंकर मारायची, कारण पिठातही रुई. भाकर तव्यावर फुगली, ठेचा वाटून झाला, की पहिला घास हातात घेऊन ती समोरच्या खोलीकडे बघत रोज तेच म्हणायची, "आमच्या उरावर कापूस, अन् त्या डब्ब्याले पंखा." हे खरंच होतं. घरातला एकुलता एक टेबलफॅन कॉम्प्युटर तापू नये म्हणून तिकडे लागला होता. भर वैशाखात आम्ही पदराने आणि वहीच्या पुठ्ठ्याने वारा घ्यायचो.

केंद्र चालवायला मी मिळाले, कारण मी मोकळी होते. बारावी झाली होती, पुढचं कॉलेज नांदुऱ्याला, आणि रोजच्या जाण्यायेण्याला घरातून नकार होता. मोताळ्याकडची मंडळी मला पाहून गेली होती आणि त्यांचा होकारही आला होता. मुलगा वाईट नव्हता. दिसायला तर चांगलाच होता, हे आता सांगायला हरकत नाही. पण मला तेव्हा लग्न नको होतं. काय हवं होतं ते नीट सांगता आलं नसतं, एवढंच कळत होतं की खामगावला पंधरा दिवस कॉम्प्युटर शिकून आले तेव्हा एसटीतून उतरताना मी वेगळी चालत होते. बाबांनी मोताळ्याला निरोप धाडला की पोरीच्या अंगावर गावाचं काम आहे, जरा थांबा. माय मात्र हिशेबाची पक्की. "केंद्र चाललं तं चालू द्या. बंद पडलं का फाल्गुनात लगन," असं तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं. म्हणजे माझं घरी राहणं त्या एका मशीनच्या जिवावर होतं.

आणि मशीन नाजूक फार. लाईन दिवसातून दोनदा जायची, कधी दोनदाच यायची. लाईन गेली की बॅटरीचा डबा टी-टी करायला लागायचा, आणि तो आवाज ऐकून पलीकडच्या ओट्यावरची म्हातारी माणसं ओरडायची, "गेली वं उषे, तुही लाईन!" जसं काही मला ते कळलंच नसतं. बॅटरीत घालायचं पाणी वेगळं असतं, बाटलीतून मिळतं, हे मी बाबांना दोनदा सांगितलं होतं. तरी बाटली संपली तेव्हा त्यांनी मळ्यातल्या विहिरीचं पाणी भरलं. बॅटरी मेली. "आपल्या विहिरीचं पाणी गोड हाये," असं ते मलाच समजावत राहिले. उंदरांनी डब्यामागे कापसाचं घर केलं. शेजारच्या एका काकूंनी गुरुवारी टीव्हीसारख्या त्या पडद्यापुढे उदबत्ती लावली आणि राख बटणांत पडून 'र' अक्षर उमटेनासं झालं. मी रोज सकाळी बाबांच्या जुन्या धोतराच्या फडक्याने सगळं पुसायची, पंख्याची जाळी काढून त्यातली रुई ओढायची, चपला बाहेर काढा म्हणून दारात पाटी लावायची. लोक मन लावून चपला काढायचे आणि शेतातल्या चिखलाच्या पायांनी आत यायचे.

यायचे मात्र. सातबाऱ्याचा कागद काढायला, अकोल्याचा कापसाचा भाव बघायला, सुरतेला गेलेल्या पोराशी डोक्याला ते कानाचं यंत्र लावून बोलायला. बायका बोलताना इतक्या मोठ्यानं ओरडायच्या की सुरतेपर्यंत तारेविना पोहोचलं असतं. मी बाहेर ओसरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत असायची, आणि कोणाच्या सुनेला कितवा महिना लागला हे गावात सर्वांत आधी मला कळायचं. त्या खोलीत बसून मला पहिल्यांदा वाटलं की माझ्यावाचून कोणाचं तरी अडतं. आज माझ्या मुलीच्या मुठीत सगळं जग मावतं, पण एका कागदासाठी सतरा माणसं तुमच्या तोंडाकडे बघताहेत यात काय सुख असतं ते तिला मी पटवून देऊ शकत नाही.

इंटरनेट आमच्याकडे यायचं हवेतून. वरवट बकालला संस्थेचा उंच टॉवर, आमच्या स्लॅबवर लोखंडी पाइपाला बांधलेली एक ताटली, आणि त्या दोघांमध्ये नुसतं मोकळं आभाळ. गावंडे सर म्हणून संस्थेचे एक जण होते, आमच्या सगळ्या केंद्रांची देखरेख त्यांच्याकडे. वैशाखात ताटली बसवताना त्यांनी मला पाइपाजवळ बसवून सांगितलं होतं, "ताटलीनं टॉवर पाहिला पाहिजे. ती आंधळी झाली की इंटरनेट गेलं." किती दिसतंय याचा एक आकडा कॉम्प्युटरवर यायचा, शंभरातला. तो रोज सकाळी वहीत लिहून ठेवायची ताकीद मला होती. उन्हाळाभर, पावसाळाभर तो आकडा ऐंशीच्या आसपास राहिला. मी रोज लिहायची आणि विसरून जायची.

थंडी पडली आणि आकडा घसरायला लागला. एका दिवशी चौऱ्याहत्तर. दोन दिवसांनी सदुसष्ट. मग साठाच्या खाली. चाळीसच्या खाली गेल्यावर पानं अर्धी उघडून थांबायला लागली, आणि एका सकाळी काहीच उघडलं नाही. खामगावहून तंत्रज्ञ आला, वायर बदलून गेला. पुन्हा आला, ताटलीमागचं यंत्र बदलून गेला. जाताना म्हणाला, घरात कापूस फार आहे. मायने त्याला चहा दिला नाही. बाबांनी स्वतःचा उपाय केला: पाइपाला मोठा वेळू बांधून ताटली वर चढवली. वाऱ्यावर ती इतकी डुलायची की आकडा शून्य, पन्नास, शून्य असा नाचायचा. दुसऱ्या दिवशी ती वेळूसकट अंगणात उतरली, पापड वाळत घातलेल्या खाटेवर. मग ती पुन्हा जुन्या जागी बांधली. शेवटी गावंडे सर स्वतः आले. माणूस भला, पण दमलेला. "उषाताई, उंच खांब पाहिजे तर मंजुरीला उन्हाळा उजाडेल," ते म्हणाले. "अन् बंद केंद्र मी कागदावर किती दिवस चालू दाखवू? दुसरी गावं मागून राहिलीत. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मी जीप घेऊन येतो. चालू असलं तर राहिलं, नाही तर सामान उचलावं लागेल." माय ओसरीत गहू निवडत होती. त्या संध्याकाळी तिने ट्रंकेतून जरीचं पातळ काढून उन्हात घालायचं म्हणून बाजूला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी रागारागाने स्लॅबवर चढले आणि पाइपाला पाठ लावून बसले. रडायला तेवढी एकच जागा होती घरात. समोर नजर गेली तर रस्त्यापलीकडचे शामराव आबाजी त्यांच्या कडब्याच्या गंजीवर उभे राहून मला हात करत होते. "काय वं उषे, पतंग उडवाले गेली का?" मी हसले, डोळे पुसले, हात हलवला, आणि मग माझा हात तसाच वर राहिला. आबाजी माझ्या समोर नव्हते, माझ्या डोक्यापेक्षाही उंच होते. आणि ताटलीचं तोंड थेट त्यांच्या पायाखालच्या कडब्यात होतं.

आता हे वाचणाऱ्याला वाटेल की इतकी माणसं येऊन गेली, कोणाला एवढी मोठी गंजी दिसली नाही? दिसली की. रोज दिसत होती. पण ज्वारी निघाली, कडबा घरी आला, गंजी चढली, हे आमच्या गावात दरवर्षीचं. उन्हाळ्यात गुरं ती खाऊन संपवतात, पुन्हा थंडीत ती उभी राहते. गंजी आडवी येते असं आमच्या मनातही येऊ शकत नव्हतं. ताटली बसली ती वैशाखात, तेव्हा आबाजींच्या खळ्यात चार पेंड्या उरल्या होत्या आणि सरांना मोकळं आभाळ दिसलं होतं. ते खामगावचे, त्यांना काय माहीत. पण आम्ही? मी, बाबा, ओट्यावरचे सगळे शहाणे?

शामराव आबाजी माझे सख्खे आजोबा नव्हेत. समोरच्या घरातले म्हणून आबाजी. बाकीच्यांनी ज्वारी सोडून सोयाबीन धरलं होतं, आबाजींनी सोडली नव्हती. चार बैल, तीन गाई, दोन म्हशी आणि एक लंगडं गोऱ्हं. त्यांच्याइतकी गंजी पंचक्रोशीत कोणाची नसायची. ते स्वतः वर उभे राहायचे, खालून माणसं पेंड्या फेकायची, आणि ते प्रत्येक पेंडी बुडखा बाहेर, शेंडा आत, थोडा उतार देऊन बसवायचे. माथ्यावर घराच्या पाख्यांसारखा निमुळता उतार. कितीही पाऊस आला तरी आतली पेंडी कोरडी निघायची. त्यांना लिहायला-वाचायला येत नव्हतं, पण गंजी कशी रचावी हे विचारायला त्यांच्याकडे वरवटहून माणसं यायची. अशा माणसाकडे जाऊन मला म्हणायचं होतं की तुमची गंजी मोडा.

मी म्हटलंही. ते गोठ्यात म्हशीला चारा टाकत होते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गंजी म्हंजे का तुहा कॉम्प्युटर हाये? बंद केली, चालू केली? माथा उघडा केला अन् वरतून पाणी आलं, तं मधातला सारा कडबा काया पडते. मंग गुरं काय तुह्या इंटरनेटले तोंड लावतीन?"

"आबाजी, आता थंडीत कुठलं पाणी?"

"आभायाचं तू सांगतं मले?"

मी परत आले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी वही घेऊन पुन्हा गेले. का गेले कोण जाणे. बहुधा दाखवायला दुसरं काही नव्हतं म्हणून. मी वाचून दाखवायला लागले. सोमवारी ऐंशी होतं. बुधवारी चौऱ्याहत्तर. आबाजींनी हातातलं वैरणीचं टोपलं खाली ठेवलं.

"बुधवारी? कोणत्या? अमावास्येच्या मांगच्या?"

"हाव."

"आदल्या दिशी नाल्याकडच्या वावरातल्या दोन गाड्या आल्या. मंग?"

"शुक्रवारी सदुसष्ट."

"तीन गाड्या. मंग शनवारी काई नसंन झालं."

मी बघितलं. शनिवारीही सदुसष्टच होतं. आबाजी आता गव्हाणीच्या कडेवर टेकले. मी वार सांगायची, ते गाड्या सांगायचे. ज्या दिवशी त्यांच्या बैलाचा खूर दुखावला म्हणून गाडी आली नाही, त्यानंतर माझा आकडा जागचा हलला नव्हता. ज्या दिवशी माथा बांधून पूर्ण झाला, त्याच्या दुसऱ्या सकाळी माझ्या वहीत शून्य होतं. त्यांनी एकही तारीख कुठे लिहिलेली नव्हती आणि माझ्या वहीत एकही गाडी नव्हती. आबाजींनी बोटांवर वार पुन्हा एकदा मोजले. मग म्हणाले, "वही लबाड नाई तुही." माझ्या कामाला कोणी म्हटलेलं त्याहून चांगलं मला अजून आठवत नाही.

मग ते आमच्या स्लॅबवर चढले. वय सत्तरीच्या पुढे, पण शिडी धरू दिली नाही. ताटलीमागे उकिडवे बसले, एक डोळा मिटला आणि गंजीची रेघ बघतात तसं ताटलीच्या रेघेत पाहिलं. "हे तं माह्याच गंजीले पाहून राह्यली," ते म्हणाले आणि खो खो हसले. "अवं, पुरी मोडाची काऊन? वाट पाह्यजे ना इले? किती पाह्यजे?" मी दोन्ही हात पसरून दाखवले. त्यांनी माझे हात अजून थोडे लांब केले. "सायबाचं काम हाये, जरा जास्तीच ठेवू."

संक्रांतीला चार-पाच दिवस होते तेव्हा ते काम झालं. गावात सावडीची रीत होती, आज तुमच्या कामाला आम्ही, उद्या आमच्या कामाला तुम्ही. आबाजींनी नुसता निरोप फिरवला आणि दहा-बारा माणसं खळ्यात येऊन उभी राहिली. मायने आणि आबाजींच्या सूनबाईंनी सकाळीच गोवऱ्यांची आर पेटवून रोडगे भाजायला घातले होते, मोठ्या पितळी गंजात वांग्याची भाजी रटरटत होती. तो राखेत भाजलेल्या कणकेचा वास मला आजही कुठे आला तर मी पाय थांबवते. आबाजी माथ्यावर. ते एकेक पेंडी उचलून खाली देत होते. मी कॉम्प्युटरपुढे, बाबा आमच्या दारात. मी आकडा ओरडायची, बाबा तो रस्त्यापलीकडे ओरडायचे. "चार!" "नऊ!" "चौदा!" खाली उभी असलेली माणसं कबड्डीचे गुण मोजावेत तशी प्रत्येक आकड्याला आरोळी द्यायला लागली. गंजीच्या माथ्यात खिंड पडत गेली, दोन बाजूंना दोन शिखरं राहिली. एक्केचाळीसला पान उघडलं. त्रेसष्टला आबाजींनी विचारलं, "पुरे का वं?" मी दारात धावत आले आणि दोन्ही हात वर केले. त्या दुपारी रोडगे तुपात बुडवून खाताना मायने माझ्या ताटात न विचारता दुसरा रोडगा टाकला. पातळ ट्रंकेत परत गेलं होतं, हे मी आधीच बघून ठेवलं होतं.

आणि मग संक्रांतीच्या दिवशी दुपारी, केंद्रात कोणी नसताना, मी सहज हवामानाचं पान उघडलं. आमच्या भागावर ढगांचा पांढरा पट्टा होता आणि खाली लिहिलं होतं की उद्या गडगडाटासह पाऊस. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मी पान बंद केलं.

हे लिहिताना माझा हात जड होतो, पण लिहायचं तर हेच लिहायला हवं. मी कोणाला काही सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, ही अंदाजाची पानं कुठे खरी होतात. आबाजींना सांगितलं तर ते आजच माथा बांधतील, उद्या सर येतील, आकडा शून्य असेल, आणि फाल्गुन काही लांब नव्हता. दुपारभर मी हे असं मनात घोळवलं. चारच्या सुमाराला नवं लुगडं नेसून, डब्यात तिळाचे लाडू घेऊन घरोघर फिरले. आबाजींना लाडू दिला, पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "उद्या तुही परीक्षा ना? पास होशीन." मी मान डोलावून बाहेर आले. आमच्या फाटकापर्यंत आले. फाटकाची कडी हातात धरून किती वेळ उभी होते ते आठवत नाही, पण ती कडी गार होती हे आठवतं. मग मी परत फिरले.

"आबाजी, उद्या पाणी येणार हाये. कॉम्प्युटरवर पाह्यलं म्या. दुपारीच पाह्यलं."

'दुपारीच' हा शब्द मी मुद्दाम घातला. आबाजींनी तो ऐकला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागावले नाहीत, हसलेही नाहीत. बाहेर येऊन त्यांनी मावळतीकडे तोंड केलं, नाक वर करून हवा ओढली. "वारा फिरला खरा," ते म्हणाले. "सायब किती वाजता येतीन?"

"अकरा-बारा."

"मंग पाण्याचं मले पाहू दे. तू सायबाचं पाह्य." एवढं बोलून ते आत गेले. मी रात्रभर कापसाशेजारी जागी होते.

दुसऱ्या दिवशी कर. करीच्या दिवशी आमच्याकडे कोणी नवं काम काढत नाही, तरी सकाळी आबाजींच्या खळ्यात सहा माणसं होती आणि मळणीची मोठी ताडपत्री होती. मला वाटलं, खिंड झाकताहेत. मी काही बोलणार नव्हते, बोलायचा अधिकारही नव्हता. आकाश काळवंडलं होतं. पावणेबारा वाजता जीप रस्त्यावर वळली आणि त्याच वेळी टपोरे थेंब पडायला लागले. गावंडे सर डोक्यावर फाईल धरून धावत आत आले. बाहेर पाऊस धो धो कोसळायला लागला होता. मी खुर्चीत बसले. आकडा बघायची हिंमत होईना.

अठ्ठावन्न.

"अरे, चालू आहे की!" सर म्हणाले. खुर्ची ओढून बसले. त्यांनी पान उघडलं, दुसरं उघडलं, खामगावला निरोप पाठवला, त्याचं उत्तर आलं. चहा झाला. वही चाळली. बाहेरून कोणीतरी ओरडत होतं, विजेच्या कडकडाटातही तो आवाज आबाजींचा हे मला कळत होतं. "वर धरा बे! अजून वर! जाऊ द्या त्याले खालून!" सरांनी मान वर केली. "बाहेर काय चाललंय?" मी खिडकी उघडली.

गंजीच्या दोन्ही शिखरांवर तीन-तीन माणसं उभी होती, गुडघ्यापर्यंत कडब्यात रुतलेली, आणि सहाही जणांनी हात डोक्यावर ताणून ताडपत्री धरली होती. ताडपत्री खिंडीच्या खूप वर, छतासारखी. तिच्यावरचं पाणी दोन्ही बाजूंनी ओघळत होतं आणि तिच्या खालून, कोरड्या खिंडीतून, पलीकडचं आभाळ दिसत होतं. वारा ताडपत्रीला ओढत होता, माणसं डुलत होती. एक बाजू खाली आली की माझ्यामागे आकडा घसरायचा आणि आबाजी ओरडायचे. ते स्वतः मध्ये, खिंडीतच, ताडपत्री पोटात झुकू नये म्हणून खालून काठीने उचलून धरून वाकून उभे होते. वाकून, कारण ताठ उभं राहिलं तर ते स्वतः आडवे आले असते.

गावंडे सरांनी बघितलं. खूप वेळ बघितलं. मग त्यांनी फाईल उघडून तिथेच मांडीवर काहीतरी लिहिलं, सही केली आणि मला म्हणाले, "केंद्र राहतंय. उंच खांबाचं पत्र मी आज संध्याकाळीच लिहितो. पण त्या लोकांना आधी खाली उतरवा, ताई, वीज पडते आहे."

मी अनवाणी धावले. रस्त्याचा ओढा झाला होता. खळ्यात उभी राहून ओरडले, "झालं! आबाजी, झालं! खाली या!" ते लगेच उतरले नाहीत. आधी ताडपत्री खाली घेऊन खिंडीवर पसरली, कडा पेंड्यांखाली दाबल्या, आणि मग एकेक जण उतरला. तरी वाऱ्याने पाणी आत घेतलंच होतं. पुढे महिनाभर त्या जागचा थोडा कडबा काळा निघत राहिला. मी एकदा त्याबद्दल बोलायला लागले तर आबाजी म्हणाले, "गंजीचं मले सांगू नोको, तुहं तू पाह्य." एवढ्यावर तो विषय त्यांनी मिटवला. गुरांना मात्र त्यांनी त्या वर्षी रोजची वैरण त्याच जागेवरून, वरून काढून घातली. ताडपत्री जरा जरा खाली सरकत गेली आणि माझा आकडा पुन्हा रोज एक-दोनने वाढत गेला.

मोताळ्याच्या मंडळींनी तोवर दुसरी मुलगी पाहिली. माय दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी केंद्रात येऊन म्हणाली की तिच्या भावाला नाशिकला निरोप धाडायचा आहे, आणि कानाचं यंत्र लावून ती सर्वांत मोठ्याने ओरडली. मी ते केंद्र पुढे सहा वर्षं चालवलं. तिथेच बसून पत्राने बी.ए. केलं. लग्नही झालं, माझ्या वेळेने.

खांब होळीनंतर आला. लोखंडी, गंजीपेक्षा दीड पुरुष उंच. पुढच्या थंडीत ज्वारी निघाली आणि गाड्या आबाजींच्या खळ्यात यायला लागल्या. पहिल्या दिवशी सकाळी ते आमच्या ओसरीशी येऊन उभे राहिले. चपला काढल्या होत्या. "उषे, रचू का वं?"

"आबाजी, खांब उंच हाये आता. तुम्ही कितीही रचा, काई फरक पडत नाई."

"तरी पाह्यजो तू."

ते माथ्यावर चढले. मी कॉम्प्युटरपुढे बसले. खळ्यातला कोणीतरी म्हणाला, "पोरीले इचारून गंजी रचते का कोणी, आबाजी?" आणि आबाजी म्हणाले, "मी रचतो." दर दहा-बारा पेंड्यांनी ते हात थांबवत, कमरेवर हात ठेवून आमच्या खिडकीकडे बघत. आकडा एकदाही हलला नाही. मी प्रत्येक वेळी तो नीट वाचला, खिडकीतून मान बाहेर काढली आणि ओरडले, "रचा!"